चालत्या गाडीत मीटरवर "चावी सापडत नाही" येतं, चावी तर जवळच असते (छत्रपती चौक, वर्धा रोड)

रिंगरोडवरची
२१ मे, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी, गेला दीड महिना या एका गोष्टीनं डोकं उठवलंय म्हणून लिहून राहिली. गाडी चार वर्षांची, पेट्रोल, ऑटोमॅटिक, पुश बटणवाली. घर नागपुरात त्रिमूर्तीनगरला, ऑफिस मिहानमध्ये, रोजचा रस्ता म्हणजे रिंग रोडनं छत्रपती चौक आणि तिथून वर्धा रोड. तर होतं काय की गाडी चालू असताना अचानक तीन बीप वाजतात आणि मीटरवर पिवळ्या अक्षरात येतं, चावी सापडत नाही. चावी माझ्याजवळच असते, गिअरमागच्या कपहोल्डरमध्ये. इंजिन बंद पडत नाही, एसी चालू, गाडी व्यवस्थित चालते, आणि पाच-दहा सेकंदांनी मेसेज आपोआप जातो.

रोज येत नाही हीच तर पंचाईत आहे. कधी आठवड्यात चारदा, कधी आठ-आठ दिवस काहीच नाही. पण आला की दहातल्या नऊ वेळा छत्रपती चौकातच, मेट्रोच्या पुलाखाली, जाताना पण आणि येताना पण. म्हणून मला वाटतं वरच्या मेट्रोच्या करंटचा काहीतरी परिणाम होत असावा.

सर्व्हिस सेंटरला दोनदा नेऊन आणली. पहिल्यांदा स्कॅनर लावला आणि म्हणाले काही फॉल्ट नाही ताई. दुसऱ्यांदा म्हणाले स्मार्ट कीचं मॉड्युल बदलून पाहू, १८ हजार लागतील. त्यांच्याकडे गाडी दिवसभर उभी होती तेव्हा एकदाही मेसेज आला नाही, मग नेमकं कशाच्या आधारावर १८ हजार द्यायचे?

आतापर्यंत दुर्लक्ष करत होती, पण मागच्या शुक्रवारी पेट्रोल पंपावर गाडी बंद केली, पेट्रोल भरलं, बटण दाबलं तर परत तेच, चावी सापडत नाही, आणि गाडी सुरूच होईना. मागे सहा-सात गाड्यांची लाइन, सगळे हॉर्न देऊन राहिलेले, मुलगी मागच्या सीटवर रडायला लागली. चावी कपहोल्डरमधून काढून हातात घेऊन चार-पाच वेळा दाबलं तेव्हा कुठे सुरू झाली. रात्री एखाद्या ठिकाणी असं झालं तर काय करायचं? कोणाला असा अनुभव आहे का?


भर_उन्हात
२१ मे, रात्री १०.४०

ताई सर्वात पहिले चावीतला सेल बदला. सीआर २०३२ असतो बहुतेक, पन्नासेक रुपयांत बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) कुठल्याही घड्याळाच्या दुकानात भेटते. चार वर्षांत एकदा तरी बदलला का? आणि दुसरं म्हणजे हे ऊन. ४५ डिग्री चालू आहे, गाडी बाहेर उभी राहत असेल तर आत काय भट्टी होते ते तुम्हाला माहीतच आहे, त्यानं इलेक्ट्रॉनिक वस्तू काहीही दाखवतात. माझ्या पण गाडीत हाच मेसेज कधीमधी येते, मी तर उन्हाचाच समजून चाललो होतो.


दहा_बाराचा_पाना
२१ मे, रात्री ११.०५

मनीषनगरला माझं गॅरेज आहे. ताई, आधी भीती काढून टाका. हा मेसेज आला आणि इंजिन चालू असेल तर गाडी चालत्या रस्त्यात बंद होत नाही, सुरक्षेसाठी तशी रचनाच केलेली असते. अडचण फक्त बंद करून परत सुरू करताना येते. तेव्हा चावी थेट स्टार्ट बटणाला टेकवायची, कंपनीच्या चिन्हाची बाजू बटणाकडे करून, ब्रेक दाबायचा आणि चावीनंच बटण दाबायचं. चावीच्या आत एक छोटी चिप असते तिला सेल लागतच नाही, बटणाजवळची कॉइल तिला ऊर्जा देते. सेल पूर्ण मेला तरी गाडी सुरू होते. काही गाड्यांत बटणाऐवजी कन्सोलमध्ये चावी ठेवायचा खास खण असतो, मॅन्युअलमध्ये चित्र असतं, उद्या सकाळी घरासमोर एकदा करून पाहा म्हणजे हाताला सवय होईल. दार उघडायची लोखंडी चावी पण रिमोटच्या पोटातच असते, बाजूची खिट्टी दाबली की निघते.

मॉड्युलचे पैसे आत्ताच देऊ नका. जो फॉल्ट समोर दिसला नाही त्याच्यावर पार्ट बदलायचा नाही, मी माझ्या पोरांना गॅरेजमध्ये हेच सांगतो.

दोन प्रश्न. दुसऱ्या चावीनं पण होतं का? आणि मार्च-एप्रिलमध्ये गाडीत काही नवीन बसवलं का, सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम, कॅमेरा, काहीही?


रिंगरोडवरची
२२ मे, सकाळी ८.२०

दादा, चावी बटणाला टेकवून पाहिली, पहिल्या झटक्यात सुरू झाली, खरंच मोठं टेन्शन गेलं. हे सर्व्हिस सेंटरला दोनदा जाऊन कोणी सांगितलं नव्हतं.

नवीन काहीच बसवलं नाही, गाडी कंपनीतून आली तशीच आहे. सेल आज बदलते, दुसरी चावी पण आजपासून वापरते.


अजनीकर
२२ मे, दुपारी १.३०

बेटा, मेट्रोवर आळ घेण्याआधी थोडं ऐक. मी अजनीच्या लोको शेडमध्ये, म्हणजे रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये, इलेक्ट्रिकल साइडला आयुष्य काढलं. नागपूर मेट्रोची वरची तार २५ हजार व्होल्टची आहे, रेल्वेसारखीच, एसी करंट, ५० हर्ट्झ. आकडा मोठा वाटतो पण फ्रिक्वेन्सी घरातल्या पंख्याचीच. छत्रपती चौकात खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो, तारेपासून तुझ्या गाडीचं अंतर चांगलंच आहे आणि मधे काँक्रीट आणि सळया. पेंटोग्राफ (ट्रेनच्या छतावरचा, तारेला टेकणारा सांगाडा) तारेवरून घसरताना ठिणगी पडली तर सगळ्या फ्रिक्वेन्सीवर थोडा गोंगाट होतो, रेडिओवर खरखर ऐकू येते तसा, पण तो क्षणभर. आणि तसं असतं तर अजनीपासून विमानतळापर्यंत तीन किलोमीटरहून जास्त हाच डबल डेकर पूल आहे, तुला मेसेज फक्त एका चौकातच का यावा? उज्ज्वलनगरला का येत नाही?

मी साठच्या पुढचा आहे, नव्या गाड्यांच्या चावीतलं मला कळत नाही, पण करंटचं सांगू शकतो.


रिंगरोडवरची
२२ मे, रात्री ९.४५

काका तुमचा प्रश्न बरोबर आहे, उज्ज्वलनगरला एकदाही नाही आला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.


रिंगरोडवरची
२९ मे, रात्री ९.१०

आनंदाची बातमी! सेल बदलल्यापासून पूर्ण आठवडा एकदाही मेसेज नाही. जुना सेल दुकानदारानं मीटरवर तपासला तर २.९ व्होल्ट होता, तो म्हणाला तसा ठीकच आहे, पण बदलला. भर_उन्हात भाऊ, खूप खूप आभार.


भर_उन्हात
२९ मे, रात्री ९.३०

मस्त! मी पण बदलून टाकतो मग.


रिंगरोडवरची
२ जून, संध्याकाळी ७.५५

परत आला. आज सकाळी छत्रपती चौकात आणि आत्ता येताना पण तिथेच. सेल नवीन, चावी पण दुसरी. आता मला खरंच रडू येऊन राहिलं. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) पण संपत आला, आज तर ढगाळ होतं, म्हणजे उन्हाचं पण नाही.


मिहान_शिफ्ट
२ जून, रात्री ११.२०

धागा सुरुवातीपासून वाचला. मी एम्बेडेडमध्ये काम करतो, गाड्यांच्या अशाच छोट्या कंट्रोलरवर. थोडं लांब लिहितो, पण चावीचं काम कसं चालतं ते समजलं तर शोधणं सोपं जाईल.

चावी आणि गाडीचं बोलणं दोन टप्प्यांत होतं. आधी गाडी हाक मारते. त्यासाठी गाडीत तीन-चार अँटेना असतात, दारांच्या हँडलमध्ये, डिक्कीजवळ, आणि एक तरी मधल्या कन्सोलखाली, गिअरच्या आसपास. ही हाक खूप कमी फ्रिक्वेन्सीवर असते, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या जवळपास, आणि मुद्दाम अशी की मीटर-दीड मीटरच्या पलीकडे पोचू नये, म्हणजे चावी आत आहे की बाहेर हे गाडीला कळतं. चावीला हाक ऐकू आली की ती उत्तर देते, ते उत्तर रेडिओवर, आपल्याकडे बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर. हाक ऐकू आली नाही किंवा उत्तर पोचलं नाही, दोन्ही वेळा मीटरवर एकच वाक्य येतं, चावी सापडत नाही. त्यामुळे मेसेज तोच असला तरी बिघाड दोन वेगळ्या ठिकाणी असू शकतो.

आता महत्त्वाचं. गाडी ही हाक सतत मारत बसत नाही, नाहीतर उत्तर देऊन देऊन चावीचा सेल चार दिवसांत संपेल. ती हाक मारते स्टार्ट बटण दाबलं तेव्हा, आणि चालू इंजिनावर कुठलंही दार उघडून बंद झालं तेव्हा. समजा नवरा गाडी चालवतोय, चावी बायकोच्या पर्समध्ये, ती बाजारात उतरून गेली आणि हा पुढे निघाला, तर घरी पोचल्यावर गाडी बंद केली की परत सुरू होणार नाही. म्हणून दार लागलं की गाडी आत चावी आहे का पाहते.

तर ताई, मेसेज कुठे आला ते सोडा. मेसेज यायच्या आधीच्या एका मिनिटात गाडीत काय झालं ते सांगा. छत्रपती चौकात तुम्ही थांबता का? कोणी चढतं, उतरतं?


रिंगरोडवरची
३ जून, सकाळी ७.०५

अरे देवा. हो.

माझी ऑफिसची मैत्रीण मेट्रोनं बर्डीहून येते, छत्रपती चौक स्टेशनला उतरते आणि तिथून माझ्या गाडीत बसते. संध्याकाळी तिला तिथेच सोडते. एप्रिलपासून आमचं हे सुरू झालं. आणि सेल बदलला तो पूर्ण आठवडा ती लग्नासाठी यवतमाळला गेली होती, कालच आली!

म्हणजे ती बसते, दार लावते आणि तेव्हा मेसेज येतो. मी इतके दिवस वर मेट्रोकडे पाहून राहिली होती.

पण दादा, दार तर मी घरून निघताना पण लावते, मुलीला शिबिराला सोडते तेव्हा पण तिचं दार लागतं, दुपारी घ्यायला जाते तेव्हा पण. तिथे का येत नाही? आणि मैत्रीण बसली तरी रोज येत नाही, दोनदा-तीनदा बसली की एकदा.


मिहान_शिफ्ट
३ जून, सकाळी ९.४०

म्हणजे दार ही एक अट झाली, आणखी एक अट आहे जी कधी असते कधी नसते. कन्सोलजवळ काहीतरी आहे का जे गाडीच्या हाकेवर आवाज चढवतंय? तुम्ही म्हणालात की नवीन काही बसवलं नाही. बसवलेलं सोडा, नुसतं ठेवलेलं, सॉकेटमध्ये खुपसलेलं काही? चार्जर, हवेचं मशीन, सुगंधाचं यंत्र, फोन ठेवायचं पॅड?


रिंगरोडवरची
३ जून, दुपारी १.१५

पॅड आहे. वायरलेस चार्जिंगचं. मार्चमध्ये वाढदिवसाला भावानं दिलं, कपहोल्डरच्या अगदी पुढे जो खोलगट भाग आहे त्यात बरोबर बसतं, वायर सॉकेटमध्ये. मला तर ते गाडीत बसवलेलं वाटतच नाही, फोन ठेवायची जागा आहे ती. स्क्रू नाही, वायर कापली नाही, म्हणून मी नाही म्हणाली. सर्व्हिस सेंटरला पण गाडी देताना मी ते काढून पर्समध्ये टाकायची, हरवू नये म्हणून.


दहा_बाराचा_पाना
३ जून, दुपारी १.४०

म्हणूनच तिथे दिवसभर उभी राहून एकदाही आला नाही. ताई, गॅरेजला गाडी देताना जशी रोज चालवता तशीच द्यायची, चार्जर, पॅड, फोन होल्डर सगळं जागेवर ठेवून. लोक गाडी धुऊन-पुसून, सामान काढून आणतात आणि मग फॉल्ट सापडत नाही.


मिहान_शिफ्ट
३ जून, रात्री १०.३०

मला जे वाटत होतं तेच निघालं. वायरलेस चार्जिंगची जी नेहमीची पद्धत आहे ती साधारण ११० ते २०५ किलोहर्ट्झमध्ये चालते. गाडीची हाक १२५ च्या आसपास. म्हणजे दोघं एकाच पट्ट्यात, आणि पॅड फोनमध्ये पाच-दहा वॉट ओततंय तर त्याच्या शेजारच्या कपहोल्डरमध्ये पडलेल्या चावीला गाडीची नाजूक हाक कशी ऐकू येणार? लग्नात बँडच्या शेजारी उभं राहून कोणी कानात बोलल्यासारखं आहे.

रोज का नाही याचं उत्तर पण यातच असेल. पॅडवर फोन नसेल तर ते फक्त अधूनमधून चाचपून पाहतं, गोंगाट जवळजवळ नाही. फोन पूर्ण चार्ज झाला की फोनच पॅडला थांबायला सांगतो. आणि फोन फार तापला तरी चार्जिंग थांबतं. घरून निघताना फोन बहुतेक तुमच्या हातात किंवा पर्समध्ये असेल, रस्त्याला लागल्यावर पॅडवर जात असेल. दुपारी मुलीला घ्यायला जाता तेव्हा फोन उन्हानं इतका तापलेला असणार की पॅड चार्ज करतच नसेल. म्हणजे भर_उन्हात भाऊ, उन्हानं मेसेज येत नव्हता, उन्हात मेसेज यायचा थांबत होता.

हे सगळं अजून अंदाजच आहे. सिद्ध करायला घरी अर्धा तास लागेल. गाडी मोकळ्या जागेत उभी करा, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. हँडब्रेक ओढा, गिअर पीमध्ये (पार्किंग), इंजिन चालू. मग डावं दार वीस वेळा उघडून लावा, दर वेळी दहा सेकंद थांबून. चार प्रकारे करा: पॅडवर फोन चार्ज होत असताना चावी कपहोल्डरमध्ये, मग फोन तसाच आणि चावी मागच्या सीटवर, मग फोन काढून रिकामं पॅड, आणि शेवटी पॅडची वायरच काढून. फोन ३०-४० टक्क्यांवर आणून ठेवा नाहीतर मधेच थांबेल. आणि हे पण पाहा की गाडी बंद केल्यावर तुमचं सॉकेट चालू राहतं का, पेट्रोल पंपाचं कोडं त्याशिवाय सुटत नाही.


अजनीकर
४ जून, सकाळी ६.५०

शेडमध्ये आम्ही असंच करायचो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि जे दिसलं ते त्याच क्षणी कागदावर, नंतर आठवून नाही. मुलीला मोजायला बसव, मुलं आकडे प्रामाणिकपणे लिहितात.


रिंगरोडवरची
७ जून, सकाळी ११.३०

आज रविवार, सकाळी साडेसहालाच केलं, ऊन चढायच्या आत. मी स्टिअरिंगवर, फोन मुद्दाम रात्री चार्ज केला नव्हता, ३४ टक्के. मुलगी डाव्या बाजूला दाराशी उभी, तिच्या गणिताच्या रफ वहीत चार रकाने आखून. ती दार लावायची, मी दहापर्यंत मोजायची, बीप झाला की ती फुली मारायची, नाही झाला तर गोल. शेजारचे आजोबा फिरून येताना विचारून गेले गाडीचं दार बिघडलं का.

फोन चार्ज होत असताना चावी कपहोल्डरमध्ये: वीसपैकी तेरा फुल्या.
फोन तसाच, चावी मागच्या सीटवर पर्समध्ये: एक फुली.
रिकामं पॅड, चावी कपहोल्डरमध्ये: एकही नाही.
पॅडची वायर काढून: एकही नाही.

तेरा फुल्या पाहून इतकं हलकं वाटलं काय सांगू. दोन महिने मी हा मेसेज मागवू शकत नव्हती, कोणाला दाखवू शकत नव्हती, आणि आज घरासमोर बसून पाहिजे तेव्हा आणता येत होता. पहिल्या रकान्यात एक गोष्ट दिसली ती पण सांगते. चावी कपहोल्डरमध्ये उभी असली तर मेसेज कमी, आडवी पडली की जवळजवळ दर वेळी. मुलीनं ते फुलीच्या खाली छोटी रेघ मारून लिहून ठेवलं, मी सांगितलं पण नव्हतं.

सॉकेट पण तपासलं. गाडी बंद केली तरी पॅडचा हिरवा दिवा चालूच, दार उघडल्यावरच बंद होतो. पेट्रोल पंपावर मी आतूनच पैसे दिले होते, दार उघडलंच नव्हतं, फोन पॅडवर, चावी शेजारी. आणि शेवटी सुरू झाली ती चावी हातात उचलून घेतली म्हणून, पॅडपासून दूर गेली ना. चार-पाच वेळा बटण दाबल्यामुळे नाही.


मिहान_शिफ्ट
७ जून, दुपारी १२.०५

उत्तम काम. मुलीला माझ्याकडून शाबासकी. उभ्या-आडव्याचं निरीक्षण अगदी खरं आहे, चावीत छोट्या कॉइल असतात आणि पॅडचं चुंबकीय क्षेत्र कुठल्या दिशेनं कापतं त्यावर फरक पडतो. मागच्या सीटवरची एक फुली सोडून द्यायची नाही, पण मधे पर्समध्ये चिल्लर, किल्ल्यांचा जुडगा असं धातूचं सामान असेल तर एखादी हाक चुकू शकते.


दहा_बाराचा_पाना
७ जून, दुपारी १२.३०

उपाय साधाच करा. फोनला वायर लावा, पॅड घरी टेबलावर वापरा. पॅड ठेवायचंच असेल तर चावी उजव्या दाराच्या खणात किंवा खिशात, फोनपासून हातभर लांब. एक विनंती, इंटरनेटवर वाचून चावी ॲल्युमिनियमच्या कागदात किंवा स्टीलच्या डबीत ठेवू नका, मग तर गाडीला ती अजिबातच सापडणार नाही. आणि कन्सोल उघडून अँटेनाची जागा कोणाला बदलू देऊ नका.


भर_उन्हात
७ जून, रात्री ८.१५

ताईचं वाचून मी पण आज माझ्या गाडीच्या मागे लागलो. माझ्याकडे वायरलेस पॅड नाही, पण डॅशकॅम आहे, त्याचा चार्जर दोनशे रुपयांचा रस्त्यावरून घेतलेला. गाडी चालू ठेवून, पोराला आत बसवून रिमोटनं लॉक-अनलॉक करत मागे मागे चालत गेलो. डॅशकॅम चालू असताना पाच पावलांनंतर रिमोट चालेना. चार्जर उपटला आणि परत केलं तर पंधरा-सोळा पावलं गेलो तरी चालून राहिलं. मिहान दादा, हे पण तेच का?


मिहान_शिफ्ट
७ जून, रात्री ९.००

मेसेज तोच, पण तुमचा टप्पा दुसरा आहे. ताईंच्या चावीला हाक ऐकू येत नव्हती, तुमच्या गाडीला चावीचं उत्तर ऐकू येत नसावं. स्वस्त चार्जरमध्ये १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करायला जी वेगानं उघड-बंद होणारी सर्किट असते तिला फिल्टर नसला तर ती रेडिओच्या पट्ट्यातही गोंगाट करते आणि डॅशकॅमची लांब वायर अँटेनाचं काम करते. कधी रेडिओ लावून पाहा, चार्जर लावल्यावर लांबचं स्टेशन खरखरलं तर समजा. चांगला चार्जर घ्या आणि वायरवर फेराइटचा मणी घाला, लॅपटॉपच्या वायरवर काळी गाठ असते ना, ते. बर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात क्लिपवाला सुटा मिळतो.


बडनेरा_वळण
८ जून, सकाळी १०.२०

एक शंका. माझ्या नवीन गाडीत कंपनीचंच वायरलेस पॅड आहे, कन्सोलमध्येच, चावी पण शेजारीच असते. मग मला का मेसेज येत नाही?


मिहान_शिफ्ट
८ जून, सकाळी ११.१०

कंपनीनं पॅड देताना हा गुंता आधीच पाहिलेला असतो. गाडी चावीला हाक मारायच्या क्षणी पॅडला सांगते की थोडं थांब, आणि पॅड तेवढा वेळ चार्जिंग बंद ठेवतं. दार लावलं की फोनवर चार्जिंगचं चिन्ह क्षणभर जाऊन परत येतं का ते नीट पाहा. बाहेरून घेतलेल्या पॅडला गाडीचं बोलणं कळायची सोयच नाही, ते आपलं ओततच राहतं.


बडनेरा_वळण
८ जून, दुपारी २.३५

पाहिलं. दार लावलं की चिन्ह जातं आणि साधारण सेकंदा-दोन सेकंदांनी येतं. मी इतके दिवस फोनच खराब समजत होतो, दाखवायला नेणार होतो.


रिंगरोडवरची
११ जून, रात्री ९.२०

चार दिवस झाले, फोनला वायर लावली आहे, चावी दाराच्या खणात. मैत्रीण चारही दिवस छत्रपती चौकात बसली आणि पहिले तीन दिवस तिथेच उतरली, सात वेळा दार लागलं, एकदाही मेसेज नाही. आज मुद्दाम तिला विमानतळाच्या स्टेशनला उतरवलं आणि पॅड लावून, चावी कपहोल्डरमध्ये आडवी ठेवून पाहिलं, दार लागल्याबरोबर तीन बीप. अजनीकर काका, मेट्रोचा चौक बदलला तरी मेसेज पॅडबरोबरच आला.

सर्व्हिस सेंटरला जाऊन वहीचं पान दाखवलं. तिथल्या सुपरवायझरनं शांतपणे पूर्ण वाचलं, पॅड मागून घेतलं, त्यांच्याकडच्या उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीत लावून पाहिलं, तिथे पण आला. मॉड्युल बदलायचं रद्द केलं आणि पानाचा फोटो काढून ठेवला.

भावाला अजून सांगितलं नाही. त्यानं खूप हौसेनं दिलं होतं, पॅड आता घरी माझ्या पलंगाजवळ आहे आणि तिथे छान चालतं.

ॲडमिन, धाग्याच्या नावातून छत्रपती चौक काढून तिथे वायरलेस चार्जर लिहिता येईल का? दुसरं कोणी शोधत आलं तर त्यांना लवकर सापडेल.